एकेक प्रकाशकणाची गणती

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी बडोदे गाठण्यापूर्वी मकरपुरा नावाच्या एका लहानशा स्थानकावरून जाते. गायकवाडांचा राजवाडा ही या गावाची जुनी ओळख. आज तो राजवाडा वायुदलाकडे आहे, आणि मकरपुऱ्याचे नाव काढताच बडोदेकरांच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती तेथील औद्योगिक वसाहत. या वसाहतीत सारा दिवस मोजमापाचा असतो. लेथवर काम करणारा कारागीर मायक्रोमीटर डोळ्यांपुढे धरून मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचतो, आणि तयार झालेला भाग ठेवावयाचा की टाकावयाचा हे त्या एका आकड्यावरून ठरते. १९७४ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशनच्या, म्हणजे 'एर्डा'च्या, प्रयोगशाळाही येथेच आहेत. विजेची उपकरणे कसास उतरतात की नाही हे पाहणे हे या संस्थेचे काम.

वीज-उपकरणांच्या कसोट्यांपैकी एक कसोटी मोठी बोलकी आहे. आकाशातून कोसळणाऱ्या विजेचा तडाखा रोहित्रास सोसेल काय, हे पाहण्यासाठी त्यावर एक कृत्रिम विद्युत्-आघात सोडतात. जगभर मान्य झालेल्या प्रमाणानुसार हा आघात १.२ मायक्रोसेकंदात शिखरावर चढतो आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढ्या अल्प काळात घडणारी ही घटना असली, तरी ती दुबळी नसते. तिच्यात जोर असतो, आणि म्हणून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तिची चढउतार एका दमात रेखाटली जाते.

परंतु एखादी घटना याहूनही हजारपट क्षणिक असेल, आणि शिवाय इतकी क्षीण असेल की तिच्यातून प्रकाशाचा केवळ एकच कण बाहेर पडावा, तर तिचा काळ कसा मोजावयाचा? एका कणाची काही रेषा काढता येत नाही. तो आला, एवढेच कळते. या प्रश्नाचे उत्तर ज्या उपकरणाने दिले, त्याची ओळख करून घेणे हा प्रस्तुत भाषणाचा हेतू आहे. त्या उपकरणाचे वैशिष्ट्य असे, की ते वेगाच्या बळावर नव्हे, तर संयमाच्या बळावर काम करते.

अशा क्षणिक घटनेचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ते बडोद्यातच, वाडीवाडी भागात, सापडते. १९६० च्या दशकात मराठी घरांतून पांढरे कपडे धुऊन झाले की शेवटच्या पाण्यात थोडे टिनोपाल टाकण्याची रीत होती. वर्तमानपत्रांतील त्याच्या जाहिरातींच्या तळाशी 'सुहृद गायगी, वाडीवाडी, बडोदे' असा पत्ता छापलेला असे. टिनोपालने कपड्याचा मळ निघत नसे. त्याचे कार्य वेगळेच होते. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण असतात. टिनोपालचे रेणू ते किरण गिळतात आणि त्या शक्तीचा काही भाग निळसर, दृश्य प्रकाशाच्या रूपाने परत करतात. जुन्या कापडाचा पिवळेपणा त्या निळाईने झाकला जातो आणि सदरा शुभ्र दिसू लागतो. पदार्थाने एक प्रकाश घ्यावा आणि दुसरा द्यावा, या क्रियेस फ्लुओरेसन्स म्हणतात. मराठीत तिला प्रतिदीप्ती असे नाव आहे.

घेणे आणि देणे या दोहोंच्या मध्ये थोडा काळ जातो. तेवढा वेळ रेणू उद्दीपित अवस्थेत असतो. या काळास त्या अवस्थेचे आयुर्मान म्हणतात, आणि ते मोजावे लागते नॅनोसेकंदांत. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. केवळ शब्दांनी याची कल्पना येणे कठीण. एका सेकंदाच्या मानाने जवळजवळ ३२ वर्षे जेवढी मोठी, तेवढाच एका नॅनोसेकंदाच्या मानाने एक सेकंद मोठा आहे. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर. तोही एका नॅनोसेकंदात हातभर सुद्धा जात नाही. जेमतेम ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर, जातो.

आता कोणी विचारील, की रेणू नॅनोसेकंदभर थांबला काय आणि दहा नॅनोसेकंद थांबला काय, कोणास त्याचे काय? उत्तर असे, की या थांबण्यातच रेणूच्या शेजाराची सारी हकीकत असते. एथिडियम ब्रोमाइड नावाचे रंगद्रव्य पाण्यात मोकळे असताना त्याचे हे आयुर्मान दोन नॅनोसेकंदांहूनही कमी भरते. तेच द्रव्य आनुवंशिकतेचा लेख वाहणाऱ्या डीएनएच्या रेणूत शिरून बसले, की आयुर्मान वीस नॅनोसेकंदांच्या वर जाते. हिरव्या पानातील हरितद्रव्य द्रावकात काढून घेतले तर पाच-सहा नॅनोसेकंद उद्दीपित राहते. जिवंत पानात मात्र त्याचा काळ पुष्कळ कमी होतो. कारण तेथे घेतलेली शक्ती तत्काळ अन्न तयार करण्याच्या कामी लागते. सारांश, रेणू कोठे आहे, मोकळा आहे की बांधलेला आहे, कामाला लागला आहे की रिकामा आहे, हे सारे त्याच्या प्रकाश परत करण्याच्या घाईवरून किंवा विलंबावरून कळते.

हे आयुर्मान मोजण्याची कल्पना मुळात अगदी साधी आहे. आयुर्विम्याचा व्यवसाय ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व. एका माणसाचा जन्म आणि मृत्यू यांच्या तारखांवरून लोकांच्या आयुष्याचा नियम सांगता येत नाही. परंतु सहस्रावधी माणसांच्या नोंदी एका वहीत आल्या, म्हणजे कोणत्या वयात किती जण जातात याचे कोष्टक तयार होते. रेणूंचेही असेच. एका चमकेने रेणू उद्दीपित केले आणि त्यांतून एक प्रकाशकण अमुक इतक्या वेळाने बाहेर आला, एवढी एकच नोंद करावयाची. मग पुन्हा चमक, पुन्हा एक नोंद. अशा लक्षावधी नोंदी झाल्या, की त्यांतून रेणूंच्या आयुर्मानाचा आलेख आपोआप उभा राहतो. एक फरक मात्र ध्यानात ठेवावयास हवा. माणूस म्हातारा होतो, रेणू होत नाही. पाच नॅनोसेकंद थांबलेल्या रेणूची पुढच्या क्षणी प्रकाश टाकण्याची शक्यता नुकत्याच उद्दीपित झालेल्या रेणूइतकीच असते. त्यामुळे आलेख ठरावीक प्रमाणात, निम्म्याचे निम्मे होत, उतरत जातो. एकाच प्रकारचे रेणू असतील तर हा उतार एकाच नियमाने होतो. निरनिराळ्या स्थितींतील रेणू मिसळलेले असतील तर उताराचा आकार बदलतो, आणि तो बदल वाचता येतो.

या पद्धतीचा पाया अमेरिकेतील आर्गोन येथील प्रयोगशाळेत बॉलिंजर आणि थॉमस या दोघा शास्त्रज्ञांनी १९६१ साली घातला. अणुकेंद्रातून निघणारे किरण काही स्फटिकांवर पडले असता जो लखलखाट होतो, तो नेमका कसा विझत जातो हे त्यांना पाहावयाचे होते. पुढे रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या अभ्यासकांनी हीच पद्धत उचलली. त्यांचे उपकरण कसे असते, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम हवा प्रकाशाचा उगम, आणि तोही उघडझाप करणारा. जुन्या उपकरणांत हायड्रोजन किंवा नायट्रोजन वायूने भरलेला दिवा असे. त्यात ठिणगी पडून सेकंदास काही हजार वेळा लखकन प्रकाश होई. आज त्याच्या जागी लेसर आले आहेत. त्यांची प्रत्येक चमक नॅनोसेकंदाच्याही अल्पांशात संपते, आणि सेकंदास अशा लक्षावधी चमका मिळतात. प्रत्येक चमकेबरोबर एक विद्युत्-संकेत निघतो आणि काळ मोजणाऱ्या यंत्रास सांगतो, की 'आरंभ झाला'.

चमक नमुन्यावर पडते. नमुन्यातून निघालेला प्रकाश काटकोनात उभ्या केलेल्या शोधकाकडे जातो. हा शोधक बहुधा फोटोमल्टिप्लायर नावाची निर्वात नळी असतो. या नळीच्या तोंडाशी प्रकाशास संवेदनशील असा एक पातळ लेप असतो. प्रकाशकण त्यावर आदळला तर तेथून एक इलेक्ट्रॉन सुटतो. चांगल्या नळीतही शंभर कणांपैकी वीस-पंचवीसच इलेक्ट्रॉन सोडवू शकतात. बाकीचे वाया जातात. सुटलेला इलेक्ट्रॉन सुमारे शंभर व्होल्टच्या दाबाने पुढील पट्टीवर ओढला जातो आणि तेथून तीन-चार नवे इलेक्ट्रॉन उडवितो. ते पुढच्या पट्टीवर, त्यांतून आणखी पुढच्या. प्रत्येक टप्प्यास चौपट होते असे धरले, तर दहा टप्प्यांत एकाचे दहा लाखांवर जातात. अशा रीतीने जो एकटा कण कोणत्याही तारेत जाणवला नसता, त्याचा चांगला मोजण्याजोगा विद्युत्-स्पंद होतो. ही नळी काळोखाची इतकी मिंधी असते, की विजेचा दाब चालू असताना तिच्यावर दिवसाचा उजेड पडला तर ती कायमची निकामी होऊ शकते.

पण या स्पंदांची उंची सारखी नसते. एकाच वेळी निघालेले दोन स्पंद, एक उंच आणि एक बुटका, अमुक उंचीची खूण ओलांडावयास लागले, तर उंच स्पंद ती आधी ओलांडतो आणि बुटका नंतर. प्रत्यक्षात दोघे बरोबर आले असूनही एक लवकर आला असे भासते. हा अन्याय टाळण्यासाठी मध्ये एक विवेचक मंडल ठेवलेले असते. ते सर्वांस एकच खूण लावीत नाही. प्रत्येक स्पंद आपल्या स्वतःच्या उंचीच्या ठरावीक हिश्शाशी केव्हा पोहोचला, तेवढेच ते पाहते. मग उंच आणि बुटका यांच्या वेळा जुळतात. शिवाय हेच मंडल अगदी क्षुद्र, खोट्या स्पंदांस दारातूनच परत पाठविते.

यानंतर येतो उपकरणाचा प्राण, म्हणजे काळ मोजणारा भाग. लग्नघरात पूर्वी मुहूर्ताची वेळ साधण्यासाठी घटिकापात्र ठेवीत. तळाशी बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडली, की तिच्यात सावकाश पाणी शिरे आणि २४ मिनिटांनी, म्हणजे एका घटकेने, ती बुडे. काळ दिसत नाही, पण पाणी दिसते. म्हणून पाण्यावरून काळ ओळखावयाचा. या उपकरणातही अगदी हीच युक्ती आहे. पाण्याच्या जागी वीज आहे आणि वाटीच्या जागी कंडेन्सर. आरंभाचा संकेत येताच कंडेन्सरमध्ये एकसारख्या धारेने वीज भरू लागते. प्रकाशकणाचा संकेत येताच धार तुटते. जितका वेळ गेला तितका दाब चढलेला असतो. समजा, ५० नॅनोसेकंदांस १० व्होल्ट असे प्रमाण बांधले आहे. मग एक व्होल्ट दाब मिळाला तर पाच नॅनोसेकंद गेले, हे निश्चित. नॅनोसेकंद मोजणे अवघड, व्होल्ट मोजणे सोपे. अवघडाचे सोप्यात रूपांतर झाले. अलीकडे हेच काम थेट आकड्यांत करणारी मंडलेही निघाली आहेत, आणि पूर्वी ज्याला कपाटाएवढी चौकट लागे ते सारे एका छोट्या पेटीत मावते.

मिळालेला दाब पुढे टपाल कचेरीतील खणांसारख्या रचनेकडे जातो. ५० नॅनोसेकंदांचे हजार खण पाडले तर प्रत्येक खण नॅनोसेकंदाच्या विसाव्या भागाचा होतो. ज्या वेळेचा प्रकाशकण, त्या वेळेच्या खणात एकाची भर. बस्स, एवढेच. अर्धा-पाऊण तास गेला, की कोणत्या खणात किती जमले यावरून आलेख दिसू लागतो. आरंभी तो ओबडधोबड असतो. गणतीचा नियमच असा, की खणात शंभर कण असतील तर दहाचा, म्हणजे दहा टक्क्यांचा, चढउतार स्वाभाविक समजावा. दहा हजार असतील तर शंभराचा, म्हणजे एका टक्क्याचा. अचूकता दहापट हवी असेल तर गणती शंभरपट करावी लागते.

येथवर वेगाचा कोठे संबंध आला नाही, हे ध्यानी येईल. मात्र काळजीचा संबंध पदोपदी येतो. केबलमधून विद्युत्-संकेत नॅनोसेकंदास सुमारे २० सेंटिमीटर जातो. म्हणजे वीतभर केबल जास्त झाली, की संकेत एक नॅनोसेकंद उशिरा पोहोचलाच. एकेकाळी संकेत मुद्दाम उशिरा आणावयाचा असेल तेव्हा केबलीची वेटोळीच वापरीत. तसेच, उपकरणाची स्वतःची सुस्ती किती हे आधी मोजून ठेवावे लागते. त्यासाठी प्रतिदीप्ती मुळीच नसलेला, प्रकाश केवळ विखुरणारा गढूळ द्रव नमुन्याच्या जागी ठेवतात. त्याचे उत्तर तत्क्षणी यावयास हवे. ते जितके पसरट येते तितका उपकरणाचा दोष. खऱ्या मापातून तो दोष गणिताने वजा करावा लागतो. ज्यांचे आयुर्मान निश्चित झाले आहे अशी परिचित द्रव्ये मधूनमधून तपासून उपकरणाची परीक्षाही घ्यावी लागते. उदाहरणार्थ, आम्लयुक्त पाण्यातील क्विनाइनचे आयुर्मान २० नॅनोसेकंदांच्या आसपास भरते.

आता या सर्व पद्धतीतील कळीची गोष्ट. काळ मोजणारे हे घटिकापात्र एका चमकेमागे एकाच कणाची नोंद करू शकते. पहिला कण आला, धार तुटली, पात्र त्या फेरीपुरते मिटले. त्यामागून दुसरा कण आला तर त्याची दाद लागत नाही. याचा परिणाम काय होतो, हे समजण्यासाठी श्रोत्यांनी एक वर्ग डोळ्यांपुढे आणावा. मुलांना उत्तर सुचण्यास किती वेळ लागतो हे तपासनिसास पाहावयाचे आहे. तो साऱ्या वर्गास प्रश्न विचारतो आणि जो हात प्रथम वर येईल त्याचीच वेळ लिहून घेतो. असे शंभर प्रश्न झाले. वहीत काय उतरेल? चलाख मुलांच्या वेळा. सावकाश विचार करणाऱ्या मुलाचा हात वर आला होता, त्याचे उत्तरही बरोबर होते. पण तो वहीत कोठेच नाही. मग अहवाल निघतो, की हा वर्ग फार तल्लख आहे. त्यातील प्रत्येक नोंद खरी असते, आणि तरीही सारा अहवाल खोटा असतो.

उपकरणातही तेच घडते. प्रकाश भरपूर असला, की प्रत्येक चमकेमागे अनेक कण शोधकापर्यंत पोहोचतात. लवकर येणारे सारी जागा अडवितात, उशिरा येणारे गळतात. आलेख हवा त्यापेक्षा अधिक उताराचा येतो आणि आयुर्मान आहे त्याहून कमी भरते. विशेष वाईट हे, की गणती भराभर होत असल्यामुळे हा चुकीचा आलेख दिसण्यास मात्र मोठा सुबक असतो.

यावर उपाय एकच. प्रकाश इतका मंद करावयाचा, की शंभर चमकांमागे सुमारे एखादाच कण नोंदला जावा. नव्व्याण्णव फेऱ्या रिकाम्या जाऊ द्यावयाच्या. वर्गाच्या भाषेत बोलावयाचे तर मुलांना एकेकटे बोलावून विचारावयाचे. सरासरीने शंभर चमकांस एक कण असे प्रमाण ठेवले, तर एकाच फेरीत दोन कण येण्याचा प्रसंग नोंदलेल्या दर दोनशे फेऱ्यांत एखादाच येतो. तेवढी चूक सोसण्यासारखी असते. उलट सरासरीने प्रत्येक चमकेस एक कण असे प्रमाण झाले, तर नोंदलेल्या शंभर फेऱ्यांपैकी सुमारे बेचाळिसांत मागून आलेला कण हरवलेला असतो.

या संयमाची किंमत वेळाने मोजावी लागते. दिवा सेकंदास २०,००० वेळा चमकतो असे धरू. शेकडा एक या प्रमाणाने सेकंदास २०० कण मिळतील. दहा लाख कण जमविण्यास ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ एक तास तेवीस मिनिटे लागतील. तेवढा वेळ खोलीत काळोख हवा, दिवा एकसारखा चमकत राहावयास हवा आणि नमुना बिघडता कामा नये. लेसर आल्यावर ही अडचण पुष्कळ दूर झाली. सेकंदास चाळीस लाख चमका मिळाल्या तर तीच गणती अवघ्या २५ सेकंदांत होते. परंतु लेसर आला म्हणून शेकड्याचे प्रमाण बदलले नाही. फेऱ्या वाढल्या, प्रत्येक फेरी पूर्वीसारखीच बहुतांशी रिकामी राहिली.

एवढ्या खटाटोपाचे फळ काय, याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. मकरपुऱ्यावरून जाणारा लोहमार्ग दक्षिणेस मुंबईला पोहोचतो. तेथे कुलाब्याच्या टोकाशी होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथील रसायनशास्त्रज्ञ एन. पेरियासामी आणि जी. कृष्णमूर्ती यांनी या पद्धतीचा दीर्घ काळ उपयोग केला. त्याच संस्थेचे जीवशास्त्राचे केंद्र बंगळूर येथे आहे, आणि जयंत उदगावकर तेथे प्रथिनांच्या घडीचा अभ्यास करीत होते. प्रथिन म्हणजे लहान लहान घटकांची लांब माळ. ती माळ विशिष्ट रीतीने दुमडून घडी झाली, तरच प्रथिन आपले काम करते. बारस्टार नावाचे ८९ घटकांचे एक छोटे प्रथिन आहे. घडी मोडणारे रसायन थोडे थोडे वाढवीत गेले, की त्याची घडी उलगडत जाते. प्रश्न असा होता, की ती उलगडते कशी?

कपाटातील दहा साड्यांची गोष्ट घ्या. दुरून पाहणाऱ्यास कपाट अर्धे विस्कटलेले दिसते. पण पाच साड्या अगदी घडीत असून पाच पूर्ण उलगडलेल्या आहेत, की दहाही साड्या अर्धवट सैल झाल्या आहेत? केवळ एकंदर देखाव्यावरून हे सांगता येत नाही. द्रावणाची एकूण चमक मोजली तर सरासरी मिळते, आणि सरासरी दोन्ही गोष्टींशी जुळते. बारस्टारविषयी प्रचलित समजूत पहिल्या प्रकारची होती: रेणू एक तर घडीत असतो किंवा पूर्ण उलगडलेला असतो, मधली अवस्था नाही.

संशोधकांनी प्रथिनाच्या एका जागी असलेला ट्रिप्टोफॅन हा चमकणारा घटक दाता मानला आणि दुसऱ्या जागी त्याची शक्ती ओढून घेणारा एक रासायनिक गट ग्रहीता म्हणून जोडला. ग्रहीता जवळ असेल तर दात्याची शक्ती लवकर जाते आणि त्याचे आयुर्मान घटते. ग्रहीता दूर गेला की आयुर्मान वाढते. हा परिणाम अंतराविषयी अतिशय हळवा आहे. अंतर दुप्पट झाले तर शक्ती जाण्याचा वेग चौसष्टपट कमी होतो. म्हणून एकेक प्रकाशकणाच्या वेळेवरून रेणूतील दोन बिंदूंमधील अंतर काढता येते, आणि निरनिराळ्या अंतरांचे किती रेणू आहेत हेही कळते. २००१ साली 'नेचर स्ट्रक्चरल बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा होता, की रसायन वाढत गेले तसे अंतर टप्प्याटप्प्याने वाढत गेले. म्हणजे साड्या एकदम उलगडत नव्हत्या. क्रमाक्रमाने सैल होत होत्या. जी गोष्ट सरासरीने झाकली होती, ती एकेकाच्या नोंदीने उघड केली. या ठिकाणी थोडा अधिक प्रकाश सोडून वेळ वाचविण्याचा मोह झाला असता, तर आयुर्माने खोटी आखूड आली असती, अंतरेही खोटी ठरली असती, आणि निष्कर्षास काही अर्थ उरला नसता.

प्रयोगशाळेबाहेरही हे तत्त्व पसरले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सोडलेला 'आइससॅट-२' हा अमेरिकी उपग्रह सेकंदास १०,००० वेळा हिरव्या लेसरची चमक पृथ्वीवर टाकतो. प्रत्येक चमकेत प्रकाशकण असंख्य असतात. परत येतात ते बोटांवर मोजण्याइतके. त्या मोजक्या कणांच्या जाण्यायेण्याचा काळ मोजून ध्रुवप्रदेशातील बर्फाची उंची काढतात. एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे उंचीत १५ सेंटिमीटरांची चूक. बडोद्याच्या उत्तरेस अहमदाबाद येथे भारतीय अवकाश संशोधन संघटनेचे अवकाश उपयोग केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी मार्च २०२१ मध्ये केंद्राच्या आवारातील दोन इमारतींमध्ये ३०० मीटर अंतरावरून एकेका प्रकाशकणाच्या साहाय्याने गुप्त किल्ली पाठवून दाखविली. सूर्यप्रकाशाची बाधा नको म्हणून हा प्रयोग रात्री केला गेला, आणि दोन्ही बाजूंच्या घड्याळांचा मेळ घालण्यासाठी 'नाविक' या भारतीय उपग्रह-प्रणालीचा आधार घेतला गेला. कण एकेकटा पाठवावयाचा, तो केव्हा आला हे नेमके जाणावयाचे: तत्त्व तेच.

अशा उपकरणांकडे पाहिले म्हणजे सामान्य माणसास वाटते, की यात सारी करामत वेगवान विजेची आहे. ती आहेच. परंतु तिच्याइतकाच वाटा मोजणाऱ्याच्या हाताचा आहे. मकरपुऱ्याच्या लेथवरील कारागीर हे जाणतो. मायक्रोमीटरच्या टोकास एक लहानशी कळ असते, तिला रॅचेट म्हणतात. स्क्रू वस्तूला टेकला, की ती कळ टक्‌टक् वाजून फिरते आणि त्यापुढे जोर लागू देत नाही. नवशिका उमेदवार ही कळ सोडून स्क्रूच आवळतो, आणि माप आहे त्याहून कमी येते. जुना कारागीर बोटांच्या टोकांनी कळ फिरवितो, दोन-तीन टकटक ऐकतो, आणि मगच आकडा वाचतो.